राखीव तारीख

माझ्या भावाला उशिराचा जेवढा तिटकारा आहे तेवढा खोटेपणाचाही नाही. तो बस डेपोत वेळापत्रकं आखतो. कोणती बस कधी सुटेल, कुठे किती थांबेल आणि वाटेत बिघडली तर तिच्या जागी कोणती जाईल, हे ठरवण्यात त्याचा जन्म चालला आहे. बाबाही त्याच डेपोतून निवृत्त झाले, त्यामुळे आमच्या घरात माणसांपेक्षा घड्याळं जास्त. जेवायला उशीर झाला तर आमच्याकडे ‘भूक लागली’ असं कुणी म्हणत नाही. ‘कुठे अडकलं?’ असं विचारतात.

या घरात वहिनी आली ती ड्रायव्हिंग स्कूलमधून. ती बायकांना गाडी शिकवते. लग्न ठरलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, दोघंही वाहतुकीतली, छान जमेल. नातेवाईकांचं काय, दोन माणसं एकाच रस्त्यावर उभी दिसली की ती एकाच दिशेला चालली आहेत असं त्यांना वाटतं.

वहिनी अंगाने बारकी, आवाजाने मात्र घरभर. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक असतो, शिकणारीने घोळ घातला तर दाबायला. त्या स्कूलमधले बाकीचे मास्तर तो मनाला येईल तेव्हा दाबतात. गाडी गचकन थांबते, शिकणारीचं नाक स्टिअरिंगवर आपटता आपटता राहतं, आणि आपलं नेमकं काय चुकलं हे तिला घरी जाईपर्यंत कळत नाही. वहिनीचा नियम वेगळा. आधी सांगायचं, मग दाबायचा. ‘समोर सायकल आहे, तुम्हाला दिसलेली नाही, मी दाबतेय.’ एवढं बोलून होईपर्यंत सायकलवाला पुढच्या चौकात पोचलेला असतो, तो भाग वेगळा. पण तिच्या हाताखालच्या बायका रस्त्यावर शिव्या कमी खातात, हे मी पाहिलंय. माझं चष्म्याचं दुकान तिच्या सरावाच्या रस्त्यावर आहे, म्हणून रोज सकाळी मी तिच्या गाडीत मागच्या सीटवर बसून फुकट कामावर जाते आणि जीव मुठीत धरून दुकानात उतरते.

तिची पहिली दोन्ही बाळंतपणं सिझेरियनने झाली. पहिल्या वेळी कळा सुरू झाल्या, थोडा वेळ गेला, मग बराच वेळ गेला, आणि दादा सारखा काउंटरवर जाऊन ‘अजून किती?’ विचारू लागला. शेवटी डॉक्टर बाहेर येऊन दादाशी बोलले, दादाने मान हलवली, आणि वहिनीला पूर्ण भूल देऊन मुलगी बाहेर काढली. घाई बाळाला झाली होती, डॉक्टरांना की दादाला, हे वहिनीला आजवर कुणी धडपणे सांगितलेलं नाही. ती शुद्धीवर आली तोवर मुलीला आमच्या आईने पाहिलं होतं, बाबांनी पाहिलं होतं, मी पाहिलं होतं, शेजारच्या काकूंनी पाहिलं होतं. नाक कुणाचं यावर वाद होऊन निकालही लागला होता. धाकट्या काकांनी तिला ‘ढब्बू’ म्हणून टाकलं होतं, ते आजतागायत चालू आहे.

दुसऱ्या वेळी तर तारीखच ठरवली. दादाला इतक्या आनंदात मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. दहाची वेळ, आणि दहा वाजून गेले न गेले तोच मुलगा. वहिनीला फक्त कमरेखाली भूल होती, म्हणजे ती टक्क जागी होती, पण मध्ये हिरवा पडदा. पडद्यापलीकडून कुणीतरी एक गाठोडं लगबगीने बाहेर नेलं आणि ते आमच्या हातात आलं. वजन किती भरलं हे वहिनीला लादी पुसणाऱ्या मावशींकडून कळलं. बाबांनी त्याचा आठ्या घातलेला चेहरा बघून त्याला ‘कर्नल’ केलं, आणि वहिनीच्या कुशीत तो त्या हुद्द्यासकटच दाखल झाला.

तिसऱ्याची चाहूल लागली तेव्हा कर्नल शाळेत जायला लागला होता. बातमी ऐकल्याबरोबर दादाने मोबाईलमध्ये कॅलेंडर उघडलं.

‘सुट्ट्या लागायच्या आधीचा आठवडा बरा पडेल,’ तो म्हणाला. ‘तेव्हा डेपोत गर्दी नसते.’

‘मला या वेळी नॉर्मल करून बघायचंय,’ वहिनी म्हणाली.

दादाने कॅलेंडर बंद केलं नाही. नॉर्मलला कुठला वार सोयीचा, हे तो शोधत असावा.

त्या दिवसापासून आमच्या ओळखीतला प्रत्येक माणूस बाळंतपणाचा तज्ज्ञ झाला. आई म्हणाली, ‘दोनदा सुखासुखी सुटलीस, आता तिसऱ्यांदा कशाला कळा देत बसतेस?’ आम्ही दोघं भावंडं आईला कळा देऊनच झालो, आणि त्या कळांची आठवण ती आम्हाला प्रत्येक भांडणात करून देते. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला कुणी काही विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला की दोनदा उसवून शिवलेल्या कापडाला तो स्वतः ताण देत नाही. बाबा म्हणाले, ‘बघा काय ते,’ आणि टीव्हीचा आवाज वाढवला. सगळ्यांत त्यांचं मत सुसह्य.

जुने डॉक्टर, ज्यांनी पहिली दोन केली होती, ते तर हसलेच. ‘दोन झालीत ना? मग तिसरंही तसंच. कशाला डोक्याला ताप?’ डोकं कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. वहिनीने विचारलं, धोका नेमका कसला असतो, कितपत असतो? त्यांनी दादाकडे बघून उत्तर दिलं, ‘मी आहे ना, काही काळजी करू नका.’ दादाने काळजी करणं तिथल्या तिथे थांबवलं. माझा भाऊ आज्ञाधारक आहे.

अशा वेळी वहिनीच्या गाडीत क्लचबाई आल्या. त्या दुसऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलात बाळंतपणाच्या विभागाच्या मुख्य. शेकडो बायका सोडवलेला तो हात, पण पन्नाशीला आलेल्या या बाईंना गाडी शिकायची हौस झाली होती आणि त्यांचा डावा पाय क्लचवरून उठायला तयार नव्हता. म्हणून ते नाव. तोंडावर आम्ही त्यांना डॉक्टरच म्हणायचो.

वहिनीने विषय काढला तो नेमका पुलाच्या चढावर, जिथे क्लचबाईंचे प्राण कंठाशी आलेले असायचे.

‘डॉक्टर, दोन सिझेरियननंतर नॉर्मल होतं का हो?’

गाडी बंद पडली. क्लचबाईंनी हँडब्रेक ओढला, कपाळ पुसलं आणि मग विचारलं, ‘कुणाचं?’

‘माझं.’

‘साधारणपणे आम्ही नाही म्हणतो.’

‘साधारणपणे राहू द्या. माझ्या बाबतीत सांगा.’

मागे हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला होता. एरवी एका हॉर्नने गांगरणाऱ्या क्लचबाई आपल्या विषयावर आल्या तशा अख्खा रस्ता विसरल्या. ‘ऐका मग,’ त्या म्हणाल्या. ‘कळांच्या जोराने जुना टाका आतून उसवू शकतो. शंभरात एखाद-दुसरीचा. आकडा लहान आहे, पण जिचा उसवतो तिला तो लहान नसतो. काही मिनिटांत बाळ हातचं जाऊ शकतं, पिशवी काढावी लागू शकते, तुमच्या जिवावर बेतू शकतं. आता तिसरं सिझेरियन म्हणाल, तर तीही काही सहल नाही. आत सगळं चिकटलेलं असतं, रक्त जास्त जातं. धोका दोन्हीकडे आहे. कुठला पत्करायचा हे ठरवता येतं, एवढंच.’

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढं सगळं तिला कुणी तिच्या तोंडाकडे बघून सांगितलं, असं तिच्या दोन बाळंतपणांत घडलं नव्हतं.

‘जुने कागद आणा,’ क्लचबाई म्हणाल्या. ‘आधीचे काप पिशवीच्या खालच्या भागात आडवे असतील तरच पुढचं बोलू. कळा आपोआप यायला हव्यात, मी औषध देऊन ओढून आणणार नाही. ऑपरेशनची खोली शेजारी तयार, रक्त तयार, बाळाच्या ठोक्यांवर सतत नजर. आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं.’

‘थांबेन. पण काय दिसतंय ते आधी मला सांगायचं. बाहेर जाऊन माझ्या नवऱ्याला नाही.’

‘कबूल.’

‘आता पहिला गिअर टाका. लोक खाली उतरून आपल्याकडे यायला लागलेत.’

कागद निघाले. काप खालचे आणि आडवेच होते, मधली वर्षंही पुरेशी भरली, तपासण्या ठीक आल्या. घरच्यांनी मात्र या आनंदाच्या बातमीने तोंडं पाडली. आईने ‘आमचं कोण ऐकतंय’ हे वाक्य महिनाभर पुरवून पुरवून वापरलं. पोट पुढे आलं तशी वहिनीने बाकीच्या शिकाऊ बायका दुसऱ्या बाईकडे सोपवल्या, फक्त क्लचबाई ठेवल्या. कुणी काही बोललं तर म्हणायची, ‘डॉक्टर सोबत आहे ना.’ ती डॉक्टर गाडी चालवत असते, हे ती सोयीस्करपणे गाळायची.

दिलेली तारीख आली आणि गेली. दादाला पाणी गोड लागेना. ज्याची बस जरा मागे पडली तरी जीव कासावीस होतो, त्याच्या घरात आख्खं मूल उशिरा धावत होतं. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहायचा, जणू ते खालून चालत येणार होतं.

त्यातल्याच एका सकाळी क्लचबाई गाडी मागे घेत असताना वहिनीचा फोन वाजला. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला. एक गोड आवाज सगळ्या गाडीत घुमला.

‘मॅडम, उद्या सकाळी दहाचं ऑपरेशन आहे ना तुमचं? रात्री जेवण झाल्यावर काही खाऊ नका. आणि नेलपॉलिश काढून या.’

‘कुणाचं ऑपरेशन?’ वहिनी म्हणाली.

‘तुमचंच. मिस्टरांनी महिन्यापूर्वीच तारीख घेऊन ठेवलीय.’

जुन्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलातून फोन होता. मागचं चाक फूटपाथवर चढलं आणि गाडी बंद पडली. वहिनी गप्प बसली. वहिनी ओरडते तेव्हा घाबरायचं कारण नसतं, पण ती गप्प बसली की भांडी आवरून ठेवावीत. बऱ्याच वेळाने ती समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागली.

‘मला काही पराक्रम करून दाखवायचा नाहीये डॉक्टर. कळा दिल्या म्हणजे मोठी आई आणि कापलं म्हणजे छोटी, असलंही काही माझ्या डोक्यात नाही. मला फक्त एकदा माझं मूल सगळ्यांच्या आधी बघायचंय. दोन्ही वेळी मी रांगेत शेवटची होते. ढब्बू माझ्याकडे आली तेव्हा तिचं तोंड पुसलेलं, टोपरं घातलेलं, नाव पडलेलं. तिला बघून मला पहिल्यांदा काय वाटलं माहितीय? ही माझीच आहे ना? बाहेर जन्मलेल्या दुसऱ्या कुणाची दिली असती तरी मला कळलं नसतं. हसू नका.’

कुणीच हसत नव्हतं. मागच्या सीटवर मी खिडकीबाहेर बघायला लागले.

‘हे मला आधी का नाही सांगितलंत?’ क्लचबाईंनी विचारलं.

‘हे काय वैद्यकीय कारण आहे?’

क्लचबाईंनी गाडी सुरू केली आणि पुढचं चाकही फूटपाथवर चढवलं.

त्या संध्याकाळी घरात जे झालं त्याला भांडण म्हणणं म्हणजे भांडणाचा अपमान आहे. दादाला आपलं काय चुकलं तेच कळत नव्हतं.

‘अगं, राखीव गाडी ठेवावीच लागते,’ तो पोटतिडकीने सांगत होता. ‘डेपोत कुठल्याही फेरीला असते. वापरायचीच असं नाही, पण उभी असावी लागते. मुख्य गाडी उशीर करतेय हे तर दिसतंच आहे.’

‘मी फेरी आहे?’ वहिनी म्हणाली. ‘आणि राखीव गाडी ठेवताना ड्रायव्हरला सांगत नाहीत का तुमच्यात?’

‘तुला टेन्शन नको म्हणून नाही सांगितलं.’

‘मी माझ्या बहिणीला उद्या बोलावून बसले,’ आई मध्येच म्हणाली. ‘ती एवढ्या लांबून यायला निघालीसुद्धा.’

‘मग उद्या दहाला मावशींचंच करून घ्या,’ वहिनी म्हणाली आणि आत निघून गेली.

दादा माझ्याशेजारी येऊन बसला. त्याचा चेहरा इतका केविलवाणा होता की तयार ठेवलेले टोमणे मला गिळावे लागले. ‘पहिल्या वेळी ते डॉक्टर बाहेर आले ना,’ तो हळूच म्हणाला, ‘आणि म्हणाले ठोके खाली चाललेत, तेव्हा माझ्या पायांतलं बळच गेलं. भिंत धरून उभा होतो मी. तारीख ठरलेली असली की पाय जागेवर राहतात.’ मला त्याची दया आली आणि रागही आला. ठोके खाली चालले होते, हे याला इतकी वर्षं ठाऊक होतं. जिच्या पोटातले ठोके होते तिला सांगायला मात्र याला वेळ झाला नव्हता. ते त्याला त्याच वेळी ऐकवलं, आणि तो उठून आत गेला. दार लावून घेतल्यामुळे पुढचं मला ऐकू आलं नाही. प्रयत्न केला होता.

दुसऱ्या दिवशी दहाला कुणी कुठे गेलं नाही. मावशी आल्या, चहा प्याल्या आणि मुक्कामाला राहिल्या. कळा सुरू झाल्या त्यानंतर एक दिवस मध्ये टाकून, ढब्बूची वेणी घालताना. वहिनीने शांतपणे वेणी पुरी केली, क्लचबाईंना फोन केला आणि दादाला म्हणाली, ‘चल, गाडी काढ.’

या क्षणाची तयारी दादाने फार आधीपासून केली होती. घरापासून हॉस्पिटलापर्यंत कुठला रस्ता कधी तुंबतो याचा त्याला गाढा अभ्यास. तरीही आमची गाडी एका बसच्या मागे लागली आणि बसच्या मागेच राहिली. बस थांबली की आम्ही थांबायचो. लोक उतरायचे, लोक चढायचे, कंडक्टर घंटी मारायचा, मग बस निघायची आणि आम्ही निघायचो.

‘ओव्हरटेक कर,’ वहिनी दात आवळून म्हणाली.

‘काही गरज नाही. ही बस हॉस्पिटलपाशी कधीच उशिरा पोचत नाही. मी स्वतः आखलीय.’

‘अरे, पण तिच्याशिवाय आपल्याला रस्ता दिसतोय!’

‘घाईत चुका होतात,’ दादा म्हणाला आणि पुढच्या थांब्यावर इमानदारीत थांबला. एक म्हातारे गृहस्थ सुट्टे पैसे शोधत दारात उभे राहिले. वहिनीने कळ सोसली, श्वास सोडला आणि दार उघडायला हात घातला. ‘मी बसमध्येच जाऊन बसते. पोटुशी बघून निदान पुढची जागा तरी देतील.’ तेव्हा कुठे दादाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बसला मागे टाकलं. त्याला अपराधी वाटत होतं, हे आरशात दिसत होतं.

हॉस्पिटलात वहिनीजवळ एकाच बाईला राहता येत होतं. आईला कळा बघवत नाहीत आणि मावशींना गप्प बसवत नाही, म्हणून मी राहिले. दुपारपर्यंत सगळं छान चाललं होतं. ठोके मोजणारं मशीन टकटक करत होतं, कळा जवळजवळ येत होत्या, क्लचबाई येऊन तपासून ‘चांगलं उघडतंय’ म्हणत होत्या. कळ ओसरली की वहिनी मला म्हणायची, ‘दमलीस का गं?’ आणि मी हो म्हणायची.

मधे पाणी आणायला बाहेर आले तर बाकावर मंडळी ओळीने बसलेली. दादाने बाळ कुणी कुणानंतर बघायचं हे ठरवून टाकलं होतं, म्हणजे ऐन वेळी ढकलाढकली नको. आधी आई, मग बाबा, मग मावशी, कारण त्या लांबून आल्या, मग तो स्वतः, मग पोरं.

‘आणि वहिनी?’ मी विचारलं.

‘ती आत आहेच ना,’ दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नव्हती. मी पाणी न घेताच परत गेले.

संध्याकाळकडे कळा तशाच होत्या, पण मशीनची टकटक बदलली. कळ यायची तशी ती मंदावायची आणि कळ गेल्यावरही वर यायला वेळ लावायची. वहिनी ओटीपोटावर हात दाबून पडली होती. ‘इथे दुखतंय,’ ती म्हणाली. ‘कळ नाहीये, तरी दुखतंय.’

क्लचबाई आल्या. त्यांनी मशीनमधून निघालेली पट्टी बघितली, पोट दाबून बघितलं, आणि मग खुर्ची ओढून वहिनीच्या डोळ्यांसमोर बसल्या. दाराबाहेर कुणाकडे गेल्या नाहीत.

‘बाळाचे ठोके प्रत्येक कळेनंतर खाली जातायत. तुम्हाला जुन्या टाक्यापाशी कळेशिवाय दुखतंय. ही दोन्ही लक्षणं एकत्र मला आवडत नाहीत. माझं मत, आता ऑपरेशन करावं. लगेच.’

‘अजून थोडा वेळ दिला तर?’

‘कदाचित होईलही. कदाचित टाका उसवेल. मी तुमच्या जागी असते तर काढायला सांगितलं असतं.’

वहिनीने डोळे मिटले. ती रडायला लागली, आवाज न करता. एवढे महिने घरादाराशी भांडून, त्या फूटपाथवर जीव उघडा करून, शेवटी तोच हिरवा पडदा. मला वाटलं, ही आता नाही म्हणणार. आणि मला वाटलं, हिने नाही म्हणू नये. पुढची कळ यायच्या आत तिने डोळे उघडले.

‘काढा,’ ती म्हणाली. ‘माझ्या बघण्यापायी बाळाला काही होऊ देऊ नका.’

मग जी धावपळ झाली तिच्यात मला कुणीतरी टोपी घातली, तोंडाला फडकं बांधलं आणि क्लचबाईंनी ‘तुम्ही चला, तिचा हात धरा,’ असं दटावलं. वहिनीला पाठीत भूल दिली. छातीसमोर पडदा लागला. ती छताकडे बघत होती आणि तिचा हात गार पडला होता. पडद्यापलीकडे क्लचबाईंचे हात झपझप चालले होते. ज्या बाईला चढावर गाडी निघत नाही, तिने माझ्या दोन-चार उसाशांत बाळापर्यंत वाट काढली.

‘सिस्टर, पडदा काढा,’ त्या म्हणाल्या.

‘आपण नेहमी तर—’

‘चिमटे काढा म्हणतेय ना.’

सिस्टरने हात वर केला. दोन चिमटे होते. टक, टक. पडदा खाली आला.

मी पटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. भूल देणारे डॉक्टर तिच्या डोक्याशी उभे होते, त्यांनाही मी असे डोळे वटारले की ते बिचारे आपल्या मशीनकडे बघू लागले. एक क्षण काहीच ऐकू आलं नाही. तो क्षण मला आयुष्यभर पुरेल. मग बाळ रडलं, खणखणीत, सगळ्या खोलीला फटकारल्यासारखं.

‘ओली आहे,’ वहिनी म्हणाली. ‘अगं, अजून ओली आहे.’

तिच्या आवाजाने मी भिंतीला टेकून रडले. नंतर कळलं की जुना टाका इतका पातळ झाला होता की आणखी पाच-सात कळा त्याने काढल्या नसत्या. पण त्या वेळी माझ्या डोक्यात टाका नव्हता. माझ्या डोक्यात ते दोन चिमटे होते. ढब्बूच्या वेळी पूर्ण भूल होती, एकवेळ मान्य. पण कर्नलच्या वेळी ही अशीच जागी होती, पडदा असाच होता, चिमटे असेच असणार. ते काढायला कुणाच्या बापाचं काय जात होतं? हिला कुणी विचारलं नाही, म्हणून हिने सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही म्हणून कुणी काढले नाहीत. दोन चिमट्यांचं काम, त्यासाठी ही बाई शंभरातली एखाद-दुसरी व्हायला तयार झाली होती, आणि आम्ही घरात बसून तिला हट्टी म्हणत होतो.

मी बाहेर आले तेव्हा बाकावरच्या मंडळाने आपला निकाल देऊन टाकला होता.

‘शेवटी कापावंच लागलं ना,’ आई म्हणाली. ‘दिवसभर जिवाला त्रास तो त्रास.’

‘मी तर आल्या आल्या म्हटलं होतं,’ मावशी म्हणाल्या. त्या असं काही म्हणाल्या नव्हत्या.

‘परवाच झालं असतं,’ दादा म्हणाला. ‘दहा वाजता.’ पण त्याचा एक हात भिंतीवर होता आणि तो हात त्याने अजून काढला नव्हता. ‘ती बरी आहे ना? दोघी?’

‘बऱ्या आहेत,’ मी म्हटलं.

‘कशी आहे गं? कुणावर गेलीय? नाक?’ आईने मला घेरलं.

‘मी बघितलं नाही.’

‘म्हणजे? आत काय करत होतीस मग?’

‘भिंत बघत होते.’

आईने मावशींकडे बघितलं. मुलीचं डोकं फिरलं, असा दोघींचा एकमताने निष्कर्ष झाला. तेवढ्यात सिस्टरने दार उघडून आत यायला सांगितलं आणि दादाने ठरवलेल्या क्रमाचा बोजवारा उडाला, कारण सगळे एकदमच उठले. तरी दादा पुढे होता. वहिनी उशीला टेकून पडली होती, चेहरा पांढराफटक, केस कपाळाला चिकटलेले. बाळ तिच्या उघड्या छातीवर पांघरुणाखाली होतं, तोंड तिच्याकडे आणि पाठ जगाकडे. ते एव्हाना वाळलंही असेल, पण कुणी पुसलेलं दिसत नव्हतं.

दादाने टाचा उंचावून बघायचा प्रयत्न केला. ‘दाखव ना,’ तो म्हणाला. मागून आईने मान आत घातली, तिच्या खांद्यावरून मावशींनी.

वहिनीने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने एका बोटाने पांघरुणाची कड जराशी वर घेतली, फक्त स्वतःपुरती.

‘थांबा,’ ती म्हणाली. ‘माझं अजून बघून झालेलं नाही.’

दादा दाराशीच थांबला, आणि त्याच्यामागे आम्ही सगळे.